वादी हजर

आमच्याकडे वादी म्हणजे चपलेची,
तुटली की चांभाराकडे;
नाहीतर कोर्टातला, काखेत फाइल धरून
तारखेमागून तारीख मोजणारा.
इथे वादी म्हणजे नदीची जागा.
नदी नाही. जागा.

रुस्ताकच्या वर, डोंगराच्या फटीत,
दगडगोट्यांचं पाव मैल रुंद अंथरूण,
मधून डांबराची पट्टी,
कडेला खांब: खाली पांढरा, वर लाल.
पांढऱ्यावर पाणी असेल तर जा,
लालला टेकलं तर थांब.
नऊ वर्षं मी त्या लालवर
फक्त पाल बसलेली पाहिली.

आठवड्यातून चारदा टँकर नेतो
पलीकडे मझऱ्याला. दोन हजार गॅलन,
गोडं, खारवलेल्या विहिरींच्या गावाला.

जुलैचा मंगळवार.
माझ्या डोक्यावर आभाळ घासलेल्या ताटासारखं.
फक्त लांब, जबलच्या माथ्यावर
एक ढग उभा होता. उभाच.
त्याच्या पोटात मधूनच कुणीतरी
बॅटरी मारून काही शोधत होतं.

खलफान बिन झाहिर रस्त्यात, काठी आडवी धरून.
त्याच्या शेळ्या आधीच कड्यावर.
मी काच खाली केली. हसलोही असेन.
म्हटलं, बाबा, मी चिपळूणचा.
आमच्या ओटीच्या भिंतीवर
पुराच्या रेघा आहेत, साल घालून.
"शिबलून," तो म्हणाला. त्याला प येत नाही, च तर नाहीच.
"शिबलूनचं पाणी घरात शिरण्याआधी निरोप देतं?"
देतं. पायरी पायरीने चढतं.
माणूस तांदूळ माळ्यावर टाकतो,
सिलिंडर खांबाला बांधतो, शेजाऱ्याला हाक मारतो.
"इथलं नाही देत. मागे घे."

घेतली.
खरं सांगायचं तर त्याच्या सांगण्यावरून नव्हे,
शेळ्यांकडे बघून. एकही खाली येईना.

आधी वास आला, विहीर उपसताना येतो तसा.
मग गार वारा, जुलैत.
मग दगड. गोदामात कुणी
रिकामी पिंपं लोटत असावं, अशी शेकडो.
आणि वळणावरून वादी हजर झाली.
पहिल्यांदा तिच्यात पाणी नव्हतंच:
काटक्या, फेस, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या,
एक अख्खी खजुरी, मुळांसकट, उभी चालत.
पाणी त्यांच्या मागून, ढकलत.
पांढरा गेला. लाल गेला. खांब गेला.
शेळीनं एक फांदी ओरबाडावी एवढ्या वेळात.

माझ्या टपावर थेंब पडला नव्हता.

फोन वाजला. पलीकडून झुवैना,
शाळेच्या टाकीची किल्ली तिच्याकडे असते.
"पाणी कुठवर आलं?"
कुठलं सांगू, बाई?
म्हटलं, दोन आलीत. एक तुमचं, ते माझ्या पाठीमागे.
दुसरं कुणाचंच नाही, ते मध्ये.
ती हसली नाही. टाकी तळाला लागली होती.

रात्री टँकरचा नळ जरासा सोडून
खलफानने कॉफी केली.
भाऊ सांगितला, पिकअपसकट गेलेला.
"पाणी पांढऱ्यावरच होतं," एवढंच म्हणाला,
आणि रिकामा पेला हलवून दाखवला: पुरे.

सकाळी नदी गेलेली, जागा शिल्लक.
डबक्यांत बेडूक, कुठून आले कोण जाणे.
डांबर सोललेलं, एका टोकाला
तुटल्या चपलेच्या वादीसारखं लोंबत.
पलीकडे मझऱ्याची माणसं, कॅन, तीन गाढवं,
आणि सगळ्यांच्या पुढे झुवैना,
अबाया गुडघ्यापर्यंत चिखलात.

दुपारपर्यंत आम्ही पाणी वाहिलं,
पाण्याच्याच जागेतून, वाकून,
ओल्या दगडांवरून घसरत.
एक कॅन सांडला तेव्हा सगळे थांबले,
जणू कुणाला लागलं.

टँकर अर्धा बाकी होता.
खलफान कड्यावरून ओरडला, लवकर.
शेळ्या वर चढू लागल्या होत्या.